आरोग्यसंवाद : तरुणांना बैठकीत जागा द्या

तंबाखूच्या दुष्परिणामांविषयी या सदरात लिहिल्यानंतर आलेल्या पत्रांत आजारांबद्दलचे प्रश्न थोडे होते आणि कामाबद्दलचे प्रश्न जास्त होते. तरुणांना या कामात कसे आणावे, आल्यावर त्यांना काय करू द्यावे आणि त्यांचे ऐकले गेले नाही तर पुढे काय करावे, असे विचारणारी पाच पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख उघड होऊ नये म्हणून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. जागतिक तंबाखूविरोधी दिनाच्या निमित्ताने आम्ही दरवर्षी भित्तिपत्रक स्पर्धा घेतो, मुलांकडून शपथ म्हणवून घेतो आणि कर्करोगाची चित्रे दाखवतो. सगळी उत्तरे मुलांना पाठ असतात. तरीही वरच्या वर्गांतली काही मुले शाळा सुटल्यावर सिगारेट ओढताना दिसतात आणि त्यांतल्या एकाने मागच्या वर्षी याच स्पर्धेत बक्षीस मिळवले होते. आमचे नेमके कुठे चुकते?

उत्तर : बक्षीस मिळवणाऱ्या त्या मुलातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. त्याला माहिती कमी पडलेली नव्हती. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आज मित्रांमध्ये सामावून जायचे असते, मोठे झाल्यासारखे वाटायचे असते, कधी घरातल्या किंवा अभ्यासाच्या ताणातून घटकाभर सुटका हवी असते; चाळीस वर्षांनंतर होऊ शकणाऱ्या आजाराची भीती या आजच्या गरजांपुढे टिकत नाही. याचा अर्थ माहिती देणे सोडावे असा नाही. श्वासावाटे घेतलेले निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते, मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते आणि म्हणून कोवळ्या वयात लागलेली सवय अधिक घट्ट बसते, हे विज्ञानाच्या तासाला शिकवलेच पाहिजे. मात्र तेवढ्यावर थांबल्यास मुले ते परीक्षेसाठी लक्षात ठेवतात आणि तिथेच सोडून देतात.

या वयात मुलांना खरा संताप येतो तो आपण फसवले गेलो हे कळल्यावर. अमेरिकेत १९९० च्या दशकात तंबाखू कंपन्यांवर जे खटले झाले, त्यांतून त्यांची लक्षावधी पानांची अंतर्गत कागदपत्रे सार्वजनिक झाली. त्यांपैकी आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीच्या १९८४ मधल्या एका टिपणात अगदी हिशेबी भाषेत नोंदवले आहे, की धूम्रपान सोडणाऱ्या आणि मरण पावणाऱ्या ग्राहकांची जागा भरून काढण्यासाठी तरुण प्रौढ हाच एकमेव स्रोत आहे. याच कंपनीने १९८८ मध्ये अमेरिकेत एक व्यंगचित्रातला उंट जाहिरातींत आणला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा वर्षांची मुले त्या उंटाचे सिगारेटशी असलेले नाते जवळजवळ मिकी माउसइतक्याच सहजतेने ओळखत असल्याचे दिसले आणि बऱ्याच संघर्षानंतर १९९७ मध्ये तो उंट जाहिरातींतून गेला. ही हकीकत नववी-दहावीच्या मुलांसमोर ठेवून पाहा. “तंबाखू वाईट आहे” या वाक्यावर मान डोलावणारी मुले “आमच्या वयाचा असा हिशेब कोणी मांडला होता?” असे विचारू लागतात आणि कामाची सुरुवात त्या प्रश्नापासून होते.

फ्लोरिडा राज्यात १९९८ मध्ये नेमके हेच झाले. तंबाखू कंपन्यांकडून तडजोडीत मिळालेल्या पैशातून तिथे युवकांसाठी कार्यक्रम आखायचा होता, तेव्हा किशोरवयीन मुलांनाच एकत्र बोलावून दिशा विचारण्यात आली. आरोग्याची व्याख्याने नकोत, कंपन्या काय करतात ते उघड करा, असा त्यांचा आग्रह होता. जाहिराती त्या सुरात तयार झाल्या, मुलांची स्वतःची संघटना उभी राहिली आणि त्याबरोबरच शाळांमधले शिक्षण व विक्रीच्या नियमांची अंमलबजावणीही चालली. पुढच्या दोन वर्षांत माध्यमिक शाळांच्या खालच्या वर्गांतले सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण १८.५ टक्क्यांवरून ११.१ टक्क्यांवर आणि वरच्या वर्गांतले २७.४ टक्क्यांवरून २२.६ टक्क्यांवर आले. या घटीचे सगळे श्रेय एकट्या जाहिरातींना देता येणार नाही, कारण उपाय अनेक होते. परंतु ज्यांच्यासाठी काम आहे त्यांनाच ते आखू दिल्यावर काय घडू शकते, याचे एवढे स्पष्ट उदाहरण दुसरे मला माहीत नाही.

आता आपल्या शाळेविषयी. मुलांच्या सहभागाचा अभ्यास करणारे रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली होती. मोठ्यांच्या सोयीसाठी मुलांचा वापर, शोभेपुरता सहभाग आणि नावापुरता सहभाग अशा तिच्या खालच्या तीन पायऱ्या आहेत आणि त्यांना हार्ट सहभाग मानतच नाहीत. आपल्या कार्यक्रमात विषय शिक्षक ठरवतात, शपथेचा मजकूर शिक्षक लिहितात, परीक्षकही शिक्षकच असतात. मुलांच्या वाट्याला रंग भरणे तेवढे येते. पुढच्या वर्षी तो दिवस आणि त्यासाठीचे पैसे सात-आठ मुलामुलींच्या समितीकडे सोपवा आणि त्या समितीत सिगारेट ओढणारा तो मुलगाही असू द्या. शाळेच्या परिसरात तंबाखू कुठे विकला जातो, तो कोणत्या वस्तूंच्या शेजारी मांडलेला असतो, त्याच्या जाहिराती लहान मुलांच्या नजरेच्या उंचीवर आहेत का, याची पाहणी त्यांना स्वतः करू द्या आणि निष्कर्ष पालकांसमोर त्यांनाच मांडू द्या. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. शिक्षक आणि कर्मचारी तंबाखूमुक्तीचा नियम पाळतात का, हेही ही समिती विचारील. त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देण्याची तयारी नसेल, तर समिती नेमू नका.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयातले बारा जण आहोत. शिक्षणसंस्थांच्या जवळची तंबाखूविक्री आणि जाहिराती थांबवाव्यात, तंबाखूवरचा कर वाढवावा, सार्वजनिक जागा धूरमुक्त कराव्यात आणि व्यसनमुक्ती केंद्रे उघडावीत अशा मागण्यांचे निवेदन आम्ही स्थानिक प्रशासनाला दिले. अधिकाऱ्यांनी कौतुक केले, छायाचित्रही काढले. त्याला सहा महिने झाले आणि काहीच घडलेले नाही. अर्धे सहकारी आता बैठकांना येत नाहीत. पुढे काय करावे?

उत्तर : निवेदन देणे ही पाठपुराव्याची पहिली पायरी असते, परंतु बहुतेक गटांकडून ती शेवटचीच ठरते, कारण छायाचित्र निघाले की काम झाल्यासारखे वाटते. आपल्या चारही मागण्या योग्य आहेत, पण त्यांचे उत्तर देणारे लोक वेगवेगळे आहेत. कर ठरवण्याचा अधिकार स्थानिक अधिकाऱ्याला क्वचितच असतो. व्यसनमुक्ती सेवा आरोग्य खात्याच्या हाती असते. विक्री आणि जाहिरातींच्या नियमांची अंमलबजावणी आणखी तिसऱ्याच यंत्रणेकडे असू शकते. ज्याच्या टेबलावर चारपैकी एकच मागणी सुटू शकते, तो चारही मागण्या सहानुभूतीने वाचून बाजूला ठेवतो. म्हणून सध्या एकच मागणी निवडा आणि ती मान्य करण्याचा अधिकार कायद्याने नेमका कोणाकडे आहे, ते शोधून काढा. हे काम कंटाळवाणे असते, पण त्याशिवाय पुढची सगळी धावपळ वाया जाते.

मला विचाराल, तर विक्री आणि जाहिरातींचा प्रश्न आधी घ्या, कारण त्यात पुरावा तुम्ही स्वतः गोळा करू शकता. ठरावीक क्षेत्राचा नकाशा काढून त्यावर विक्रीची प्रत्येक जागा नोंदवा. तारीख, वेळ, जाहिरातीचा प्रकार, सुटी सिगारेट विकली जाते का, अल्पवयीनांना विक्री न करण्याची सूचना लावलेली आहे का, या बाबी सगळ्यांनी एकाच तक्त्यात भराव्यात. एकच जागा दोघांनी स्वतंत्रपणे पाहून नोंदी जुळवल्या, तर त्या कोणाला सहज खोडून काढता येत नाहीत. विक्रेत्याशी वाद घालू नका, कोणा लहान मुलाला मुद्दाम तंबाखू विकत घ्यायला पाठवू नका आणि कोणाचा चेहरा ओळखू येईल असे छायाचित्र घेऊ नका. विक्रेता बहुधा स्वतःच जेमतेम पोट भरणारा माणूस असतो. आपला रोख नियम मोडू देणाऱ्या व्यवस्थेकडे आणि माल पुरवणाऱ्यांकडे असला पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण आराखडा कराराचा आधार तुम्हाला घेता येईल. हा करार २१ मे २००३ रोजी स्वीकारला गेला, २७ फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला आणि आज १८० हून अधिक सदस्य त्याला बांधील आहेत. त्याचे कलम १३ जाहिरात, प्रसिद्धी आणि प्रायोजकत्वाविषयी आहे. त्याच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार विक्रीच्या ठिकाणी तंबाखूचा माल दिसेल असा मांडून ठेवणे हीसुद्धा जाहिरातच ठरते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कलम १६ अल्पवयीनांना होणाऱ्या विक्रीबद्दल असून त्यात सुट्या सिगारेटींचाही उल्लेख आहे. कराराची उद्दिष्टे गाठण्यासाठी नागरी समाजाचा सहभाग अत्यावश्यक आहे, असे कलम ४ मध्ये म्हटले आहे; तेव्हा “हे तुमचे काम नव्हे” असे कोणी म्हटल्यास ते कलम नम्रपणे दाखवा. मात्र स्थानिक पातळीवर आपल्या देशाचा कायदाच उपयोगी पडतो, त्यामुळे त्याची संबंधित कलमे वाचून, समजून आणि सोबत घेऊनच जा.

यानंतर भेटीची वेळ मागून घ्या. एका पानाचे निवेदन, त्याला जोडलेला नकाशा आणि “ही कारवाई कोणत्या तारखेपर्यंत होईल?” हा एक प्रश्न एवढे पुरेसे आहे. मिळालेले उत्तर त्याच दिवशी लेखी कळवा आणि ठरलेल्या तारखेला पुन्हा जा. तारीख उलटली तर वरिष्ठांकडे, लोकप्रतिनिधीकडे आणि वार्ताहरांकडे तेच कागद घेऊन जा. वाटेत हातचे आकडे फुगवू नका. एक चुकीची नोंद सापडली की शंभर बरोबर नोंदींवरचा विश्वास उडतो.

कराची मागणी सोडून द्या असे मी म्हणत नाही, तिच्यासाठी मोठ्या संघटनांबरोबर जावे लागेल एवढेच. तंबाखूची किंमत दहा टक्क्यांनी वाढली तर खप श्रीमंत देशांत सुमारे चार टक्क्यांनी आणि कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे पाच टक्क्यांनी घटतो, असे दिसून आले आहे. हातात पैसे कमी असल्यामुळे तरुणांवर हा परिणाम अधिक होतो. अर्थखात्यापुढे हा मुद्दा एखाद्या विद्यार्थ्याने स्वतः मांडला, तर ऐकणाऱ्यांवर त्याचा परिणाम वेगळा होतो.

बैठकांना न येणाऱ्यांविषयी एक सूचना आहे. कोणाला नोंदी ठेवायला आवडते, कोणाला बोलायला, कोणाला कायदा वाचायला. प्रत्येकाला महिन्याभरात पुरे होईल असे एक निश्चित काम द्या आणि ते पुरे झाल्यावर त्याच्या नावानिशी सर्वांसमोर सांगा. मंडळी येईनाशी होतात ती बहुतेक वेळा त्यांच्या हाती काही काम उरले नाही म्हणून.

प्रश्न : मी सतरा वर्षांचा आहे आणि आमच्या तंबाखूविरोधी पथनाट्यात काम करतो. खरे सांगायचे तर दीड वर्षापासून मी स्वतः सिगारेट ओढतो. सुरुवातीला आठवड्यातून एखादी होती, आता रोज तीन-चार होतात. एका मित्राला हे कळले आणि तो मला ढोंगी म्हणाला. मी गट सोडावा का?

उत्तर : गट सोडू नकोस. मित्राचा शब्द तुला लागला, हे तुझ्या पत्रातल्या प्रत्येक ओळीत दिसते. परंतु ज्या वस्तूविरुद्ध तू रस्त्यावर उभा राहतोस, तिच्या तावडीत सापडल्यामुळे तू खोटा ठरत नाहीस. ती वस्तू सुटू नये अशाच रीतीने बनवलेली असते. रोज ओढण्याच्या पायरीवर पोहोचण्याआधीच काही मुलांमध्ये अवलंबित्वाची लक्षणे दिसू लागतात. आठवड्याला एक ते रोज तीन-चार हा तुझा प्रवास त्याच वाटेचा आहे आणि तो आज थांबवणे पुढच्यापेक्षा सोपे आहे.

गटातल्या ज्या मोठ्या माणसावर तुझा विश्वास आहे, त्याला किंवा तिला हे एकट्याने भेटून सांग. त्यानंतर डॉक्टरांना किंवा प्रशिक्षित समुपदेशकाला भेट. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी समुपदेशन हाच मुख्य आधार असतो. निकोटिनची गोळी किंवा पट्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःच्या मनाने सुरू करू नकोस. सोडल्यावर पहिला आठवडा सर्वांत कठीण जातो. चिडचिड होते, झोप बिघडते, लक्ष लागत नाही. साधारण दोन ते चार आठवड्यांत हे ओसरत जाते. तल्लफेची प्रत्येक लाट काही मिनिटांची असते, तेवढा वेळ जागा बदलणे, पाणी पिणे, कोणाशी तरी बोलणे कामी येते. पुन्हा एखादी ओढली गेली, तरी सगळे संपले असे समजू नकोस. कायमची सुटण्यापूर्वी अनेकांना बरेच प्रयत्न करावे लागतात. हे सगळे नाटकात सांगायचे की नाही, ते तू ठरव. कोणीही, अगदी गटप्रमुखांनीही, तुझी गोष्ट वापरण्यासाठी तुझ्यावर दबाव आणता कामा नये.

प्रश्न : आमच्या युवा मंडळाला एका प्रतिष्ठानाने “जबाबदार युवक” या नावाच्या वर्षभराच्या कार्यक्रमासाठी चांगली मोठी देणगी देऊ केली आहे. चौकशी केल्यावर तो पैसा तंबाखू उद्योगाकडून येत असल्याचे समजले. चांगल्या कामासाठी तो घ्यायला काय हरकत आहे, असे आमच्यातल्या काहींचे म्हणणे आहे.

उत्तर : घेऊ नका. फिलिप मॉरिस कंपनीने १९९८ मध्ये अमेरिकेत मुलांनी विचार करावा, धूम्रपान करू नये, असा संदेश देणाऱ्या जाहिराती सुरू केल्या होत्या. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्या जाहिराती पाहिलेल्या मुलांमध्ये पुढे धूम्रपान करण्याकडे कल अधिक असल्याचे दिसून आले. अशा कार्यक्रमांत धूम्रपान ही मोठ्यांची निवड असल्याचे सुचवले जाते आणि मोठे होण्याची घाई असलेल्या मुलाला त्यातून नको तोच अर्थ कळतो. कंपनीच्या वागणुकीबद्दल, कराबद्दल किंवा वेष्टनावरच्या इशाऱ्यांबद्दल त्यांत अवाक्षर नसते. मंडळाने पैसा स्वीकारला की मंडळही या विषयांवर गप्प बसू लागते. तसे कोणी सांगावे लागत नाही.

आराखडा कराराच्या कलम ५.३ नुसार सरकारांनी आपली आरोग्यधोरणे तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून सुरक्षित ठेवायची असतात. हे बंधन सरकारांवर असले, तरी तेच तत्त्व मंडळाने ठराव करून स्वतःला लावून घ्यावे आणि यापुढे प्रत्येक देणगीदाराकडून त्याच्या निधीचा उगम लेखी घ्यावा. नकाराचे पत्र सभ्य भाषेत, कारण स्पष्ट लिहून पाठवा आणि त्याची प्रत दप्तरी ठेवा. उद्या हाच प्रस्ताव दुसऱ्या नावाने येण्याचा संभव आहे.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. ती अशाच एका गटात जाते आणि समाजमाध्यमांवर तंबाखू कंपन्यांविरुद्ध लिहिते. अलीकडे तिला अनोळखी लोकांकडून घाणेरडे संदेश आले. तिला थांबवावे असे मला वाटते, पण ती ऐकत नाही. एवढ्या लहान मुलांना या कामात पुढे करणे योग्य आहे का?

उत्तर : आपली काळजी रास्त आहे आणि तिचे उत्तर गटाच्या प्रमुखांनी द्यायला हवे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ मधील बालहक्क करारातील कलम १२ नुसार, मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि त्यांच्या वयाला व समजेला अनुसरून ते विचारात घेतले जाण्याचा हक्क आहे. दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसे ज्या कारणाने मरतात आणि ज्यांत स्वतः धूम्रपान न करणारे, पण इतरांचा धूर सोसणारे दहा लाखांहून अधिक असतात, ते कारण आपल्या मुलीशी संबंधित आहेच. मात्र बोलण्याचा हक्क तिचा आणि तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी मोठ्यांची, अशी वाटणी झालेली नसेल, तर गटाने मुलांना पुढे करू नये.

गटप्रमुखांना भेटून चार गोष्टी विचारा. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती घेतात का? मुलांनी वैयक्तिक खात्यावरून न लिहिता गटाच्या खात्यावरून, मोठ्या व्यक्तीच्या देखरेखीखाली लिहावे असा नियम आहे का? धमकी किंवा अश्लील संदेश आल्यास तक्रार कोण करते? आणि मुलीने उद्या थांबायचे ठरवले तर तिला तसे मोकळेपणाने थांबता येईल का? यांपैकी एकाचेही समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर ती व्यवस्था उभी होईपर्यंत तिने नाव आणि चेहरा लोकांसमोर येईल असे काम करू नये. पाहणी, अभ्यास, पत्रांचे मसुदे अशी महत्त्वाची कामे तोवर तिला करता येतील.

आलेले संदेश पुसू नका. त्यांची चित्रे तारखेसह जपून ठेवा, त्या व्यक्तींना उत्तर न देता रोखून टाका आणि लैंगिक मजकूर किंवा धमकी असल्यास पोलिसांकडे तक्रार करा. तिच्याशी बोलताना आधी तिने काय लिहिले ते संपूर्ण वाचा आणि त्यातले काय पटले ते तिला सांगा. त्यानंतर संदेशांचा विषय काढा. संदेश आल्याबद्दल तिलाच शिक्षा होते आहे असे तिला वाटले, तर पुढचा संदेश ती तुम्हाला दाखवणार नाही.